पाचशे मीटरपासून पन्नास मीटरपर्यंत : ‘सीआरझेड’ची पार्श्वभूमी

भारताच्या किनाऱ्यावरील बांधकामांना आळा घालण्याच्या प्रयत्नांची सुरुवात एका पत्रापासून झाली. नोव्हेंबर 1981 मध्ये तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना कळवले, की सर्वोच्च भरतीच्या पाण्यापासून किमान 500 मीटर अंतरापर्यंत किनारा मोकळा राहिला पाहिजे. पत्राला कायद्याचे बळ नव्हते. ते मिळाले 19 फेब्रुवारी 1991 रोजी, जेव्हा 1986 च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजेच ‘सीआरझेड’ची, पहिली अधिसूचना निघाली. तिने हे 500 मीटर नियमनाखाली आणले, परंतु ग्रामीण किनाऱ्यावर संपूर्ण बांधकामबंदी भरतीरेषेपासून पहिल्या 200 मीटरपुरतीच ठेवली.

पुढच्या दोन दशकांत या अधिसूचनेत सुमारे 25 दुरुस्त्या झाल्या आणि त्यांतील बहुतेकांचा कल सवलतीकडेच होता. त्यांपैकी 1994 ची दुरुस्ती विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. भरतीचे पाणी शिरणाऱ्या नद्या आणि खाड्यांच्या काठचा 100 मीटरचा नियमनाखालील पट्टा तिने 50 मीटरवर आणला होता. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये ही कपात रद्द केली.

2011 च्या अधिसूचनेने समुद्रातील 12 सागरी मैलांपर्यंतचे क्षेत्रही कक्षेत घेतले आणि बृहन्मुंबईसाठी वेगळ्या तरतुदी केल्या. 1981 च्या विकास आराखड्यात किंवा शासकीय दप्तरात नोंद असलेल्या कोळीवाड्यांचे नकाशे करून त्यांना संरक्षण द्यावे, अशी त्यांतील एक तरतूद होती. कागदावर ती चांगलीच होती, पण नोंद कशाची, हा प्रश्न उरला. बोंबील वाळत घालायची जागा, होड्या ओढून ठेवायचा किनारा, जाळी विणायचे अंगण यांवर कोळीवाड्याचा संसार चालतो, आणि घराची नोंद असली तरी या मोकळ्या जागांची असतेच असे नाही.

जानेवारी 2019 च्या अधिसूचनेने खाडीकाठचा पट्टा पुन्हा 50 मीटरवर आणला, म्हणजे न्यायालयाने एकदा फेटाळलेला आकडाच परत आला. 2011 च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला 2161 हून अधिक वस्ती असलेल्या ग्रामीण भागात समुद्रकिनाऱ्यावरची बांधकामबंदीही 200 वरून 50 मीटर झाली. याशिवाय, 1000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या कांदळवनाभोवती 50 मीटर जागा राखून ठेवण्याच्या अटीतून खासगी जमिनीवरील कांदळवने वगळण्यात आली.