एअर रायफलचं तेलपाणी : घरी काय करावं, काय करू नये

आमच्या वर्कशॉपमध्ये येणाऱ्या बहुतेक रायफली तेलावाचून बिघडलेल्या नसतात. तेल पाजून पाजून बिघडवलेल्या असतात. हे पत्रक त्यासाठीच.

यातलं सगळं नळी मोडून ताणायच्या, स्प्रिंग-पिस्टनच्या रायफलीबद्दल आहे. बालेवाडीच्या रेंजवर स्पर्धेत दिसतात त्या रायफली सिलिंडरमधल्या दाबाच्या हवेवर चालतात; त्यांना हे लागू नाही.

चाप ओढला की स्प्रिंग पिस्टनला पुढे फेकते, समोरची हवा क्षणात दाबली जाते आणि बारीक भोकातून छर्‍याच्या मागे येते. इतक्या झपाट्याने दाबलेली हवा प्रचंड तापते. तिथे साधं तेल असलं तर ते डिझेल इंजिनात पेटतं तसंच पेटतं. फटाक्यासारखा आवाज, नळीतून धूर, जळका वास. ‘जोर वाढला’ म्हणून काही जण खूशही होतात! त्या धक्क्यांनी पिस्टनच्या टोकाचा, हवा अडवणारा वॉशर जळतो, स्प्रिंग तुटू शकते आणि छर्रे एका जागी बसत नाहीत. नवी रायफल सुरुवातीला थोडी धुरकते, ते कारखान्यातल्या तेलामुळे, आपोआप थांबतं.

म्हणून शिलाई मशीनचं तेल किंवा गंज सोडवायचा स्प्रे त्या भोकात जाता कामा नये. खोबरेल तर रायफलीला कुठेच नको. पुण्याच्या डिसेंबरात ते बाटलीत गोठतं, तसं आतही गोठतं.

पिस्टनचा वॉशर चामड्याचा आहे की सिंथेटिक, हे आधी आम्हाला विचारा. चामडं सुकलं की जोर कमी होतो. अशा वेळी भोकात सिलिकॉन चेंबर ऑइलचे एक-दोन थेंब टाकून रायफल नळी वर करून रात्रभर उभी ठेवा. सिंथेटिक वॉशर असेल तर काही न घालणं हेच उत्तम. पण हेच सिलिकॉन स्प्रिंगला किंवा बिजागरीला लावू नका. लोखंडावर लोखंड घासतं तिथे ते टिकत नाही. नळीची बिजागरी आणि ताणायचा दांडा घासतो त्या जागी मॉली ग्रीस (मॉलिब्डेनम असलेलं काळं ग्रीस) लावा, काडीच्या टोकावर येईल एवढंच.

नळी वारंवार साफ करायची गरज नसते. नेम बिघडला तरच मऊ कापडाची चिंधी दोरीने मागून पुढे ओढा. नंतरचे काही छर्रे इकडेतिकडे जातील, लगेच दुर्बिणीचे स्क्रू फिरवू नका. त्याआधी दस्त्याचे स्क्रू बघा. या रायफलीचा झटका दुहेरी असल्याने ते सारखे ढिले होतात, आणि बिघडलेला नेम पुष्कळदा तिथेच सापडतो.

नळी बंद होते तिथल्या रबरी रिंगेची तपासणी सोपी आहे. छर्रा भरून सुरक्षित दिशेला मारताना सांध्यावर टिश्यू पेपरची पट्टी ठेवा. पट्टी उडाली तर रिंग बदला.

पावसाळ्यात रेक्झिनच्या कव्हरमध्ये रायफल महिनोन् महिने ठेवू नका, आत ओल धरते. घामाच्या हातांनी धरल्यावर बाहेरचं लोखंड किंचित तेल लावलेल्या फडक्याने पुसा. ताणलेली ठेवू नका, स्प्रिंग बसते. छर्‍याशिवाय चाप ओढू नका. पिस्टनला हवेची गादी मिळत नाही, तो सरळ भिंतीवर आदळतो. छर्रा भरताना नळी एका हातात घट्ट धरा, खटका सुटला तर बोटं जातात.

आणि रायफल घरी उघडू नका. आतली स्प्रिंग न ताणताही दाबलेलीच असते, मागची टोपी सुटली की तोंडावर येते. आमच्याकडे ती काढायला वेगळा शिकंजा आहे.

दुरुस्तीला आणताना रिकामी करून, कव्हरमध्ये घालून आणा. सोबत तुमच्या नेहमीच्या छर्‍यांची डबी द्या, चाचणी त्यांवरच करतो. आत कोणतं तेल घातलं तेही सांगून टाका; उघडल्यावर वासावरून कळतंच.