नळी आखडते, बदनाम होतो सायलेन्सर

निवडणूक जाहीर झाली की गोव्यात शेती-बागायतीसाठी परवाना घेतलेल्यांना बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. मग गप्पा बंदुकीवर येतात आणि ‘सायलेन्सर लावला की गोळीचा जोर गेला’ असे कुणीतरी छातीठोकपणे सांगतोच. त्यात तथ्य थोडे, चित्रपट जास्त.

गोळीचा जोर ठरवणारे लांब नळीचे गणित गोव्याला जुनेच. १५१० मध्ये गोवा घेणाऱ्या आफोंसो द आल्बुकर्कने इथले कारागीर बोहेमियाच्या (आजच्या चेक प्रदेशातल्या) तोडीच्या बंदुका घडवतात, असे पोर्तुगालच्या राजाला कळवले होते. १५४३ मध्ये जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोहोचलेल्या तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीने बार उडवणाऱ्या, बंदुकाही याच घडणीच्या असाव्यात, असे अनेक अभ्यासक मानतात. दारूच्या वायूला गोळी रेटायला जितकी लांबी मिळते, तितका वेग वाढतो. अर्थात एका मर्यादेपर्यंत. आजही ५.५६ मिलिमीटरची तीच गोळी २० इंची नळीऐवजी १४.५ इंचीतून सोडली, तर वेगाला सेकंदाला पन्नासेक मीटरचा फटका बसतो.

सायलेन्सर आला १९०९ मध्ये. मशीनगनवाल्या मॅक्सिमचा मुलगा हायरम पर्सी मॅक्सिम याने त्याचे पेटंट घेतले. नळीबाहेर पडणारा वायू अडवून हळूहळू सोडायचा, एवढेच त्याचे काम. गोळी त्याला शिवतही नाही. उलट मागचा वायू क्षणभर जास्त रेटतो, म्हणून वेग बहुधा किंचित वाढतो.

मग ही बदनामी कशाने? आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर. त्याहून वेगाने जाणारी गोळी हवेत स्वतःचाच कडाका काढते, आणि त्यापुढे सायलेन्सर हतबल. म्हणून १९७४ च्या सुमारास जर्मनीच्या एमपी५एसडी या सायलेन्सर जोडलेल्या सबमशीनगनमध्ये नळीलाच ३० भोके ठेवून गोळी मुद्दाम मंद केली. ती करामत नळीची. नाव मात्र सायलेन्सरचे खराब झाले.

दुसरे कारण लांबी. सायलेन्सरने शस्त्र लांबते, म्हणून सैन्ये नळी आखूड करतात आणि वेग तिथे घटतो. अमेरिकी लष्कराने २०२२ मध्ये निवडलेल्या ६.८ मिलिमीटरच्या नव्या रायफलची नळी जेमतेम १३ इंच आहे. सायलेन्सर सोबतच मिळतो आणि वेगाची भरपाई काडतुसातला दाब प्रचंड वाढवून केली आहे.

आपल्याकडे मात्र ही चर्चा चर्चेपुरतीच. १९५९ च्या शस्त्र कायद्यात बंदुकीचा आवाज वा झोत कमी करणारे साधनही ‘अग्निशस्त्रा’च्या व्याख्येतच मोडते, म्हणजे त्यालाही बंदुकीचेच नियम लागू.