फ्रेम रेट : पाण्याखालचे आणि जमिनीवरचे चित्रीकरण जुळवताना (गोवा)

एकाच व्हिडिओत पाण्याखालचे आणि जमिनीवरचे फुटेज वापरायचे असेल, तर दर सेकंदाला किती फ्रेम नोंदवायच्या याबद्दल चित्रीकरणाआधी घ्यायचा निर्णय. गोव्यात हा प्रश्न विशेषतः दोन प्रसंगी येतो. एक, पावसाळा सरल्यावर ऑक्टोबर ते मे या काळात वास्कोजवळच्या ग्रँड आयलंडभोवती चालणारे स्कूबा डायव्हिंग. दुसरा, 24 जूनचा सांजांव, म्हणजे सेंट जॉनचा सण. त्या दिवशी डोक्यावर कोपेल (पानाफुलांचा मुकुट) घातलेली माणसे विहिरीत उड्या घेतात आणि काठावर घुमट हे मातीचे चर्मवाद्य वाजत असते. एक कॅमेरा काठावर, दुसरा पाण्यात. संध्याकाळी दोन्ही फुटेज एडिटिंगच्या एका टाइमलाइनवर येते आणि मग दर जुळत नसल्याची अडचण कळते.

दर जमिनीने ठरवावा आणि पाण्याने तो पाळावा, हे धोरण सहसा सोयीचे पडते. जमिनीवरच्या फुटेजला आवाज असतो: बोलणाऱ्याचे ओठ, घुमटावरची थाप. तिथे वेग बदलला की लगेच खटकते. शिवाय तिथे विजेचे दिवे असतात. पाण्याखालच्या फुटेजमधला आवाज बुडबुड्यांपलीकडे फारसा कामाचा नसतो आणि घरगुती विजेचा दिवा तिथे नसतो. त्यामुळे जुळवून घेण्याची मुभा पाण्यालाच जास्त.

भारतात वीजपुरवठा 50 हर्ट्झचा आहे, म्हणून साधी ट्यूबलाइट आणि बरेचसे स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होतात. 25 आणि 50 हे दर या लयीत बसतात. अमेरिकेत वीज 60 हर्ट्झची, म्हणून तिथे 30 आणि 60. त्यातही 1953 मध्ये ठरलेल्या रंगीत प्रक्षेपणाच्या मानकामुळे 30 चे प्रत्यक्षात 29.97 झाले. बरेच अॅक्शन कॅमेरे याच अमेरिकी मांडणीत हाती येतात. मेनूमध्ये ‘पाल’ (PAL, 50 हर्ट्झच्या देशांतले टीव्ही मानक) किंवा अँटी-फ्लिकर 50 हर्ट्झ निवडले की 25, 50, 100 हे पर्याय दिसू लागतात. मात्र लुकलुक खरी अवलंबून असते शटरवर, म्हणजे प्रत्येक फ्रेम किती वेळ प्रकाश घेते यावर. शटर 1/50 किंवा 1/100 सेकंद असेल, तर 30 फ्रेमवर घेतलेले देवळाच्या सभामंडपातले चित्रीकरणही स्थिर येते. 1/60 ठेवले की पडद्यावर पट्टे सरकू लागतात.

पाण्यात 50 चा मोह स्वाभाविक आहे. माशांच्या झटक्यासारख्या हालचाली 25 च्या टाइमलाइनवर निम्म्या वेगाने फार देखण्या दिसतात आणि लाटेने हेलकावणारा कॅमेराही शांत वाटतो. पण गोव्यातले पाणी लक्षद्वीपचे नव्हे. मांडवी आणि जुवारी गाळ घेऊन समुद्राला मिळतात, आणि अनेक दिवस काही मीटरपलीकडचे धड दिसत नाही. 25 फ्रेमला 1/50 शटर पुरते. 50 फ्रेमला ते 1/100 करावे लागते, म्हणजे प्रकाश निम्मा, एक स्टॉप कमी. ही तूट आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) वाढवून भरली की गढूळ हिरव्या पाण्यावर दाणे दिसू लागतात. तेव्हा स्वच्छ पाणी आणि दुपारचे ऊन असेल तर 50 घ्यावे; बुडालेल्या जहाजाच्या आत, खडकाच्या सावलीत, ढगाळ जूनमधल्या विहिरीच्या तळाशी 25 च बरे. सगळेच 50 वर घेऊन नंतर निम्म्या फ्रेम गाळण्याचा मार्ग चालतो, पण साध्या वेगाला हालचाल थोडी तुटक दिसते.

फुटेज आधीच 30 किंवा 60 वर घेऊन झाले असेल तर? जमिनीवरच्या 30 च्या फुटेजचे 25 करताना दर सहावी फ्रेम गळते. मिरवणुकीवरून कॅमेरा फिरवताना हा झटका स्पष्ट जाणवतो. पाण्याखाली मात्र एकही फ्रेम न गाळता तेच फुटेज 25 ने चालवता येते. वेग सुमारे 83 टक्के होतो, आणि पाण्यात तो कुणाच्या लक्षातही येत नाही. 60 च्या फुटेजचा वेग सुमारे 42 टक्के होतो. 10 सेकंदांचा शॉट 24 सेकंद चालतो. विहिरीतली उडी अशी मंद केली, तर काठावरच्या माइकमधला ‘धब्ब’ वेगळा उचलून पायांचा पाण्याला स्पर्श होतो त्या फ्रेमवर बसवावा लागतो. सॉफ्टवेअरकडून मधल्या फ्रेम तयार करून घेणे इथे टाळलेले बरे: तरंगता गाळ आणि बुडबुडे यांच्या हालचालीचा अंदाज चुकतो आणि चित्र वितळल्यासारखे दिसते.

दर एक ठेवूनही दोन्ही फुटेज परके वाटू शकते, आणि याकडे दुर्लक्ष फार होते. बहुतेक अॅक्शन कॅमेऱ्यांचे अॅपर्चर, म्हणजे भिंगाचे छिद्र, स्थिर असते. प्रकाश कमी-जास्त झाला की ते शटर बदलतात. मिरामारच्या उन्हात शटर 1/1000 च्या पुढे जाते आणि प्रत्येक फ्रेम कोरीव येते. पाण्यात तेच 1/50 वर उतरते आणि हालचाल मऊ होते. उपाय जमिनीवर करायचा. एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी काळसर काच) लावून तिथेही शटर 1/50 च्या आसपास आणावे. पाण्यात उतरण्यापूर्वी हा फिल्टर काढायला हवा. कमी प्रकाशात कॅमेऱ्यातले इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरण बंद ठेवलेले चांगले, कारण चित्र सावरले तरी फ्रेममधला धूसरपणा तसाच थरथरत राहतो.

मोबाइलचे फुटेज अनेकदा बदलत्या दराचे असते, त्यामुळे लांब शॉटमध्ये आवाज हळूहळू सरकतो. एडिटला बसण्याआधी ते स्थिर दरात बदलून घ्यावे.

केवळ मोबाइलवर पाहायच्या छोट्या व्हिडिओसाठी, सगळे कॅमेरे 30 वर आणि चित्रीकरण दिवसाउजेडी असेल, तर 25 चा आग्रह धरण्याचे कारण नाही. बरेच पडदे 60 हर्ट्झचे असतात आणि त्यावर 30 अधिक समान चालते. चित्रपटगृहाचा रूढ दर 24. 2004 पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीत भरू लागल्यावर स्थानिक माहितीपटकारांनाही या आकड्याचा विचार करावा लागतो. 25 चा माहितीपट सगळ्या फ्रेम राखून 24 ने चालवला, तर 100 मिनिटांचा ऐवज 104 मिनिटे 10 सेकंदांचा होतो, आणि आवाजाची पट्टी वेगळी दुरुस्त केली नाही तर घुमटाचा नाद साधारण पाऊण स्वरार्धाने उतरतो.