लो-कार्बचं दळण टाकण्याआधी

नमस्कार. हल्ली आमच्या पिठाच्या गिरणीत दिवसाआड एक तरी डबा असा येतो की वर चिठ्ठी असते, ‘लो-कार्ब. बारीक दळा.’ लो-कार्ब म्हणजे कार्ब, म्हणजे पिष्टमय भाग, कमी असलेलं. आत काय आहे ते मात्र चिठ्ठीत नसतं. तोंडी सांगून सांगून घसा बसला, म्हणून हा कागद छापला.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. डबा वरून गव्हाचा दिसत होता, पोराने पेटीत ओतला. खाली अर्धा किलो बदाम आणि पाव किलो जवस निघालं. दोन मिनिटांत पीठ यायचं थांबलं, पट्टा घसरायला लागला आणि करपलेल्या तेलाचा वास सुटला. गिरणी बंद करून दगड खोलला, तर छिन्नीने पाडलेल्या खाचा दिसतच नव्हत्या, सगळीकडे पेंडीसारखा लगदा बसलेला. तारेचा ब्रश घेऊन खरवडण्यात पाऊण तास गेला, आणि रांगेत अकरा डबे. एवढं करूनही पुढच्या ताईंच्या भाकरीला खवट वास आलाच. त्यांना दोन किलो ज्वारी आमच्या पदरची दळून दिली.

कारण साधं आहे. शंभर ग्रॅम गव्हात तेल जेमतेम दोन ग्रॅम. हरभऱ्यात पाचेक, सोयाबीनमध्ये वीसच्या आसपास, शेंगदाणे आणि जवसात चाळीस किंवा त्याहून जास्त, बदामात जवळजवळ निम्मं. दगड फिरताना तापतो, तेल सुटतं आणि पिठाची पेंड होते. घाण्याला तेच हवं असतं, गिरणीला नको.

म्हणून आमचा नियम: एक किलो गव्हाला शंभर ग्रॅम सोयाबीन, तेही भाजलेलं. कच्चं सोयाबीन पचायलाही वाईट. हरभरा डाळ हवी तेवढी घाला. बदाम, शेंगदाणे, जवस, तीळ, खोबरं दगडावर चढणार नाही, कितीही जुनी ओळख असली तरी. ते घरी मिक्सरवर थोडं थोडं, थांबून थांबून फिरवा आणि मळताना कणकेत घाला. जवस तर आठवड्यापुरतंच वाटावं, पूड लगेच खवट होते. ‘पलीकडचा गिरणीवाला देतो की दळून,’ असं काहीजण म्हणतात. देत असेल. त्याच्यानंतर कोणाचं दळण पडतं, तेही एकदा विचारा.

आता रोजचा दुसरा प्रश्न. ‘गहू बंद केलाय, लो-कार्ब म्हणून ज्वारी-नाचणी दळून द्या.’ दळून देतो, आमचा धंदाच तो. पण खरं सांगायचं तर शंभर ग्रॅम पिठात गहू, ज्वारी, बाजरी, नाचणी या सगळ्यांत कार्ब साधारण ६० ते ७२ ग्रॅमच्या दरम्यान असतात. राजगिरा आणि वरईही त्याच पंगतीतले. हरभरा डाळीत साठच्या आसपास, पण प्रथिनं वीस ग्रॅम, म्हणून धिरडं खाल्लं की पोट भरल्यासारखं वाटतं. सोयाबीन तेवढं खरोखर वेगळं: कार्ब वीस-तीस, प्रथिनं चाळीसच्या आसपास. नुसत्या सोयाबीनची भाकरी मात्र थापून दाखवा.

हिशेब आमच्या काट्यावर करून बघितलाय. घडीच्या पोळीला पंचवीस-तीस ग्रॅम पीठ लागतं, ज्वारीच्या भाकरीला सत्तर. म्हणजे एक भाकरी अडीच पोळ्यांच्या बरोबर. दोन पोळ्या सोडून दोन भाकऱ्या खाणारा माणूस कार्ब दुपटीहून वाढवतो आणि महिन्याने आम्हाला विचारतो, वजन का हलत नाही! ज्वारी वाईट नाही. कोंड्यासकट पोटात जाते, गव्हातलं चिकट प्रथिन, ग्लूटेन, त्यात नाही, भूक लवकर लागत नाही. पण ती मोजूनच खायची.

पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो उतरतात, त्याने हुरळूनही जाऊ नका. मीही गेलो होतो. शरीर साखरेचा साठा ग्लायकोजेन म्हणून ठेवतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरतं. कार्ब तोडले की आधी ते पाणी जातं. सणाला पुरणपोळी खाल्ली की परत येतं. माझी मुलगी आहारशास्त्र शिकते. तिने अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचा २०१८ चा एक प्रयोग दाखवला. सहाशे नऊ माणसं, वर्षभर. कमी कार्बवाल्यांचं वजन सरासरी सहा किलो उतरलं, कमी चरबीवाल्यांचं ५.३. फरक नगण्य. ज्याला जे निभावतं ते त्याने करावं, असं तिचं म्हणणं. मला पटलं, कारण बारा महिने बदामाच्या पिठाची पोळी खाणारा ग्राहक मी अजून पाहिला नाही.

इन्शुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय भाकरी-पोळी एकदम बंद करू नका. औषध तेवढंच आणि जेवण निम्मं झालं की साखर धाडकन खाली येते.

ज्यांना हे मोजमाप नको, त्यांच्यासाठी आमच्याकडे गहू, हरभरा डाळ आणि भाजलेलं सोयाबीन यांचं पीठ दर मंगळवारी ताजं दळलेलं असतं. एक-एक किलोच्या पिशव्या, पंधरा दिवसांत संपवा. त्याला आम्ही लो-कार्ब म्हणत नाही, कारण ते नाहीच. नुसत्या गव्हापेक्षा प्रथिनं बरी, एवढंच. मंगळवेढ्याचा शाळूही आहे, निवडलेला.

सोयाबीन मिसळलेली दळणं संध्याकाळी सहानंतरच घेतो, म्हणजे त्यानंतर दगड साफ करून गिरणी बंद करता येते. उपासाचं दळण वेगळ्या गिरणीवर, फक्त सकाळी. गुरुवारी वीज गेली तर सगळंच शुक्रवारी. आणि चिठ्ठीवर ‘लो-कार्ब’ लिहू नका. धान्यांची नावं, वजनं आणि फोन नंबर लिहा. डबा ओतण्याआधी आम्ही आता हात खालपर्यंत घालून बघतो, त्याचा राग मानू नका.