खांबावरचा शिमोन

सीरियात अलेप्पोच्या वायव्येला, साधारण ३० किलोमीटरवर, एका टेकडीवर पाचव्या शतकातल्या चर्चचे अवशेष आहेत. स्थानिक लोक त्याला कलअत समआन म्हणतात, म्हणजे शिमोनचा गड. चार दिशांना चार दालनं, मधोमध अष्टकोनी चौक. युद्धापूर्वीचे फोटो पाहिले तर या चौकात एका चौथऱ्यावर जेमतेम पुरुषभर उंचीचा धोंडा दिसतो. एवढं बांधकाम उभं राहिलं ते त्या धोंड्यासाठी. ज्या खांबावर संत शिमोन ३६ की ३७ वर्षं उभे होते, त्याचा तो उरलेला तुकडा.

शिमोन इसवी सन ३९०च्या आसपास सिसान नावाच्या गावात जन्मले. घरची मेंढरं राखायचे. एके दिवशी हिमवर्षावामुळे मेंढरं बाहेर काढता येईनात म्हणून ते चर्चमध्ये गेले आणि ‘शोक करणारे ते धन्य’ ही शुभवर्तमानातली वचनं कानी पडली. पुढे तेलेदाच्या मठात ते दहाएक वर्षं राहिले. तिथं त्यांनी खजुरीच्या झावळ्यांचा खरखरीत दोर उघड्या कमरेला इतका करकचून बांधला की कातडी सोलवटून जखमा झाल्या. इतर संन्यासी एक दिवसाआड जेवत, हे आठवड्यातून एकदा. मठाच्या प्रमुखांनी समजावलं, ऐकेनात, तेव्हा जायला सांगितलं. त्यात त्यांचं फारसं चुकलं असं मला वाटत नाही. मठ चालतो तो सगळ्यांच्या पाठीला झेपेल अशा नियमावर.

मग शिमोन तेलानिसोस या गावी आले. ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ अन्नपाण्याविना काढायचा म्हणून खोलीचं दार मातीनं लिंपून घ्यायला सांगितलं. बासस नावाच्या धर्माधिकाऱ्यांनी बजावलं की उपाशी मरणं हे पुण्य नव्हे, आणि आत दहा भाकरी आणि पाण्याचं भांडं ठेवायला लावलं. चाळीस दिवसांनी दार फोडलं तर भाकरी जशाच्या तशा आणि शिमोन निपचित पडलेले. स्पंजनं तोंड ओलं केलं तेव्हा कुठं ते उठले. पुढे डोंगरावर पायाला साखळी अडकवून राहिले. मेलेतियस नावाचे एक धर्मगुरू म्हणाले, मन आवरलेलं असेल तर लोखंड कशाला? लोहार बोलावला. साखळीखालच्या चामड्याच्या पट्टीत विसाहून जास्त टपोरे ढेकूण निघाले. शिमोननी ते कधी झटकले नव्हते.

हे सगळं ठाऊक झालं ते सीरियातल्या सायरस शहराचे बिशप थिओडोरेट यांच्यामुळे. त्यांनी शिमोन हयात असतानाच लिहिलं आणि बरंचसं डोळ्यांनी पाहिलं. खांबाचं कारणही त्यांनीच दिलंय, आणि ते अगदी साधं आहे : गर्दी. आशीर्वाद मिळावा म्हणून जो तो अंगावरच्या चामड्याच्या वस्त्राला हात लावायला धडपडे. सुटका म्हणून शिमोन खांबावर चढले. आधी सहा हात, मग बारा, बावीस, शेवटी छत्तीस. गर्दी कमी होईल अशी आशा असेल तर ती फोल ठरली. अरब, इराणी, आर्मेनियन, पार स्पेन आणि ब्रिटनपासूनचे लोक येऊ लागले. एकदा शिमोननी वरून अरबांच्या जमावाला सांगितलं की या बिशपांकडून आशीर्वाद घ्या. जमाव थिओडोरेटवर असा तुटून पडला की कुणी दाढी ओढतंय, कुणी कपडे. शिमोननी ओरडून सगळ्यांना हटवलं म्हणून थिओडोरेट गुदमरता गुदमरता वाचले.

वर शिमोन वाकून वाकून नमन करत. थिओडोरेटसोबतच्या एकानं मोजायला घेतलं, १,२४४ पर्यंत पोचला आणि नाद सोडला. नाशिकच्या कुंभात वर्षानुवर्षं उभे राहणारे खडेश्री ज्यांनी पाहिलेत, त्यांना खाली उभ्या असलेल्या माणसांचे चेहरे वेगळे सांगायला नकोत. पण हे नुसतं दर्शन नव्हतं. दुपारनंतर शिमोन उपदेश करत, भांडणं ऐकून निवाडे देत. रोममध्ये कारागिरांच्या दुकानांच्या दारात राखण म्हणून त्यांची छोटी चित्रं लावलेली असत.

४५९मध्ये ते खांबावरच वारले. मृतदेह सैन्याच्या पहाऱ्यात अंत्युखियाला नेला. सम्राट लिओनं तो मागितला, तेव्हा शहरानं नकार दिला : भूकंपानं आमचा तट पडलाय, आता हाच आमचा तट. शतकभरानंतर इव्हाग्रियस या इतिहासकारानं शिमोनचं मस्तक पाहिलं, तेव्हा बरेचसे दात शाबूत होते, काही मात्र नव्हते. भाविकांनी काढून नेले होते.

टेकडीवरचं चर्च सम्राट झेनोच्या काळात, ४७६ ते ४९०च्या दरम्यान उभं राहिलं. तिथल्या मातीच्या लहान चकत्या, त्यावर खांब आणि शिमोन उमटवलेले, यात्रेकरू घरी नेत. शिमोनच्या मागून इतरही खांबावर चढले : डॅनिएल नावाचे संन्यासी कॉन्स्टँटिनोपलजवळ, पुढच्या शतकात धाकटे शिमोन अंत्युखियाजवळ. पश्चिमेत मात्र ही प्रथा रुजली नाही. ट्रियरच्या मुलखात वुल्फिलाइक नावाच्या एकानं खांब गाठला, थंडीनं पायाची नखं गळाली, दाढीला बर्फ लटकला. बिशपांनी त्याला खाली उतरवलं आणि खांब फोडून टाकला.

रोमन कॅथलिक ५ जानेवारीला शिमोनचा सण पाळतात, ऑर्थोडॉक्स १ सप्टेंबरला. छत्तीस हातांच्या खांबाचा धोंडा झाला तो, असं सांगतात, यात्रेकरूंनी शतकानुशतकं कपच्या काढून नेल्यामुळे. २०११ला युनेस्कोनं हा परिसर जागतिक वारसा यादीत घेतला, २०१३ला धोक्यातल्या स्थळांमध्ये टाकला. मे २०१६मधल्या हवाई हल्ल्यात चर्चचं नुकसान झालं, आणि त्या धोंड्यालाही मार बसला.