कार्लाव्हरॉक किल्ला

स्कॉटलंडच्या नैऋत्य भागात, डमफ्रीझ शहराच्या दक्षिणेस, सॉल्वे खाडीच्या दलदलीच्या काठी असलेला मध्ययुगीन भुईकोट, आज भग्नावस्थेत. तांबूस वालुकाश्मात बांधलेल्या आणि पाण्याच्या खंदकाने वेढलेल्या या किल्ल्याची आखणी त्रिकोणी असून ब्रिटनमध्ये ती एकमेव मानली जाते.

तो मॅक्सवेल घराण्याचा. त्यांचा १२२० च्या सुमाराचा पहिला कोट येथून जवळपास २०० मीटर दक्षिणेस, खाडीला अधिक लगटून होता. ओलसर, खचणाऱ्या जमिनीमुळे तो लवकरच सोडावा लागला. नव्या किल्ल्याच्या पुलाची लाकडे १२७७ च्या सुमारास तोडलेली असल्याचे त्यांच्या वर्षवलयांवरून ठरते.

त्रिकोणाच्या उत्तर टोकाला दोन जुळ्या बुरुजांमधला दरवाजा आहे, तर दक्षिणेच्या दोन कोनांवर एकेक बुरूज होता. त्यांपैकी पश्चिमेकडचा मर्डोकचा बुरूज उभा आहे. जुलै १३०० मध्ये इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड ८७ सरदार आणि सुमारे ३,००० सैनिकांनिशी चालून आला, त्या वेळच्या फ्रेंच काव्यात किल्ल्याला ढालीची उपमा दिली आहे. शिबंदी शरण येऊन बाहेर पडली तेव्हा ती जेमतेम ६० माणसांची निघाली आणि वेढा घालणारेच चकित झाले, असे तेच काव्य सांगते. पुढे हा किल्ला इंग्रजांच्या वतीने राखणारा युस्टस मॅक्सवेल १३१२ मध्ये स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याला मिळाला आणि, जिंकलेला गड शत्रूला पुन्हा उपयोगी पडू नये या ब्रूसच्या धोरणानुसार, त्याने स्वतःच्याच किल्ल्याची मोडतोड केली. आजचे बरेचसे बांधकाम त्यानंतरच्या डागडुजीचे आहे. दरवाजाच्या माथ्यावरचे, खाली मारा करण्यासाठी पुढे काढलेले सज्जेही नंतरचेच.

आत शिरल्यावर मात्र किल्ल्याचा नूर बदलतो. निथ्सडेलचा पहिला अर्ल रॉबर्ट मॅक्सवेल याने १६३४ च्या सुमारास पूर्व तटाला लागून तिमजली निवासी इमारत उठवली. तिच्या मोठ्या, समप्रमाण खिडक्यांवरील त्रिकोणी व कमानदार शिरोभागांत घराण्याची मानचिन्हे आणि ग्रीक-रोमन पुराणकथांतील प्रसंग कोरले आहेत. जंग्यांच्या तटाआड इतक्या ऐसपैस खिडक्या ठेवणाऱ्याला लढाईचा काळ सरला असे वाटले असावे. तो अंदाज चुकला: १६४० मध्ये कव्हेनंटर पक्षाच्या (राजाच्या धर्मविषयक धोरणाला विरोध करणाऱ्या स्कॉटिश प्रेस्बिटेरियनांच्या) फौजेने १३ आठवडे वेढा घालून किल्ला घेतला आणि दक्षिण तट व आग्नेयेचा बुरूज पाडला. त्यानंतर मॅक्सवेल तेथे राहायला परतले नाहीत.