जास्तीचं समीकरण: एकमितीय डीकॉन्व्होल्यूशनची पार्श्वभूमी

१२३ ला १२ ने गुणलं की १४७६ येतात. या गुणाकारात कुठेच हातचा येत नाही, त्यामुळे आत काय घडतं ते उघड दिसतं: १, मग २ आणि २ मिळून ४, ३ आणि ४ मिळून ७, शेवटी ६. (१, २, ३) आणि (१, २) या क्रमिकांचं कॉन्व्होल्यूशन म्हणजे नेमकं हेच. बहुपदींच्या गुणाकारात सहगुणकांचंही असंच होतं. उलट वाटेने जायचं, म्हणजे (१, ४, ७, ६) आणि (१, २) वरून (१, २, ३) शोधायचं, तर तो भागाकार झाला; यालाच डीकॉन्व्होल्यूशन म्हणतात. मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरमधलं 'डीकॉन्व' हे फंक्शन मुळात बहुपदींच्या भागाकारावरच उभं आहे. पण शोधायची पदं अज्ञात मानून मोजलेल्या प्रत्येक आकड्यासाठी एक रेषीय समीकरण मांडायचं, अशीही रीत आहे. ती कशाला?

कारण मोजलेले आकडे नेमके नसतात. समजा पहिला आकडा १ ऐवजी १.१ नोंदला गेला. भागाकार करत गेलो तर पहिलं पद १.१, दुसरं ४ वजा २.२ म्हणजे १.८, तिसरं ७ वजा ३.६ म्हणजे ३.४. चूक ०.१, ०.२, ०.४ अशी दर पायरीला दुप्पट झाली. क्रमिका लांब असती तर दहा पायऱ्यांत ती शंभराच्या वर गेली असती. इथे अज्ञात पदं तीन आणि समीकरणं चार आहेत. चौथं समीकरण स्पष्ट सांगतं की तिसऱ्या पदाची दुप्पट ६ आहे. भागाकार मात्र पहिल्या तिघांवरच उत्तर ठरवतो आणि चौथ्याचं म्हणणं 'बाकी' म्हणून बाजूला ठेवतो. मला या विषयाचं मर्म इथेच वाटतं: त्या जास्तीच्या समीकरणाचं काय करायचं?

हा प्रश्न आधी खगोलशास्त्रज्ञांना पडला होता. कक्षा ठरवायला लागतात त्यापेक्षा निरीक्षणं जास्त, आणि ती एकमेकांशी पुरती जुळत नाहीत. लेजांद्र यांनी १८०५ मध्ये धूमकेतूंच्या कक्षांवरच्या पुस्तकात न्यूनतम वर्गांची पद्धत छापली. गाऊस यांनी १८०९ मध्ये आपण ती १७९५ पासून वापरत असल्याचं लिहिलं आणि श्रेयाचा वाद पेटला. पद्धतीचा विचार साधा आहे: कुणालाच पूर्ण खरं मानायचं नाही, सगळ्या तफावतींच्या वर्गांची बेरीज कमीत कमी होईल असं उत्तर घ्यायचं. वरच्या चार समीकरणांना ती लावली की सुमारे (१.०२, १.९९, ३.००) मिळतात. तीच चुकीची नोंद, पण उत्तर जवळजवळ जागेवर.

समीकरणं मॅट्रिक्समध्ये, म्हणजे आकड्यांच्या ओळी-स्तंभांच्या तक्त्यात मांडली की प्रत्येक स्तंभात (१, २) हीच क्रमिका एकेक घर खाली सरकलेली दिसते. तिरप्या रेषेत सारखेच आकडे असलेल्या या रचनेला जर्मन गणितज्ञ ऑटो टोप्लिट्झ यांचं नाव आहे. ज्यू असल्यामुळे नाझी राजवटीत त्यांचं बॉनमधलं प्राध्यापकपद गेलं आणि १९४० मध्ये जेरुसलेममध्ये त्यांचा मृत्यू झाला.

या रचनेचं चीज पुढे झालं. दुसऱ्या महायुद्धात विमानवेधी तोफांच्या नेमासाठी गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर यांनी गोंगाटातून संकेत वेगळा काढण्याचं गणित मांडलं. तो अहवाल आधी गोपनीय होता, पुस्तक म्हणून १९४९ मध्ये आला. नॉर्मन लेव्हिन्सन यांनी १९४७ मध्ये त्याला समान अंतरांवर घेतलेल्या आकड्यांचं रूप दिलं. न्यूनतम वर्गांसाठी मूळ मॅट्रिक्सचा, ओळी-स्तंभांची अदलाबदल करून, तिच्याशीच गुणाकार करतात; आपल्या उदाहरणात त्यातून जी मॅट्रिक्स सोडवावी लागते तिच्या ओळी (५, २, ०), (२, ५, २), (०, २, ५) अशा आहेत, म्हणजे तीही टोप्लिट्झच. लेव्हिन्सन यांच्या रीतीने n अज्ञात पदांची अशी मॅट्रिक्स n³ ऐवजी n² च्या प्रमाणातल्या कष्टात सुटते. संगणक नुकते जन्मत होते तेव्हा ही बचत फार मोठी होती.

अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत एंडर्स रॉबिन्सन यांनी हे सारं भूकंपलहरींच्या नोंदींना लावलं. तेल शोधताना जमिनीत स्फोट करतात आणि थराथरांतून परतलेल्या लहरी टिपतात; नोंदीत थरांची क्रमिका आणि स्फोटाच्या लहरीचा आकार एकमेकांत मिसळलेले असतात. ते वेगळे करणं हा त्यांच्या १९५४ च्या प्रबंधाचा विषय, आणि आकडेमोडीला व्हर्लविंड हा संगणक होता.

पुढे १९५८ मध्ये हाउसहोल्डर यांनी दिलेली परावर्तनाची रीत १९६५ मध्ये जीन गोलब यांनी न्यूनतम वर्गांसाठी वापरली, आणि मॅट्रिक्सचा तिच्याशीच गुणाकार न करता, म्हणजे अचूकता न गमावता, उत्तर काढता येऊ लागलं. आज प्रोग्राममध्ये एवढंच उरतं: माहीत असलेल्या क्रमिकेला (आपल्या उदाहरणात (१, २) ला) f म्हणायचं, दोन लूप लावून i व्या ओळीत j व्या स्तंभात f[i−j] ठेवायचं, निर्देशांक बाहेर गेला तर शून्य, आणि मग न्यूनतम वर्गांचं तयार फंक्शन बोलवायचं. f चं पहिलं पद शून्य असेल तर भागाकार पहिल्याच पायरीला अडतो. न्यूनतम वर्गांची रीत तिथेही चालते, फक्त f मधलं एखादं तरी पद शून्याहून वेगळं हवं.